तिसऱ्या बटणापर्यंत

कामिनोसावा वस्तीत घरं अकरा आणि हिवाळ्यात पुरुष एक. म्हातारे होते चार-पाच, पण म्हाताऱ्यांना तिथं कुणी धरत नसे. भाताच्या पेंढ्या रचून झाल्या, मुळे पुरून झाले की दहा घरांतले बाप्ये टोकियोला मजुरीला जात, ते बर्फ वितळल्यावरच परतत. त्या वर्षी टोकियोत ऑलिंपिकची कामं निघाली होती. मासुनोचा नवरा एइकिची तिथं खांबांवरून जाणारा रस्ता बांधत होता. वरून मोटारी धावणार, खालून मोटारी धावणार, असं त्यानं पत्रात कौतुकानं कळवलं होतं. तोमेनं, म्हणजे मासुनोच्या सासूनं, पत्र दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, “जमिनीवरची जागा संपली वाटतं त्यांची?”

मागं राहणारा एकटा बाप्या म्हणजे वस्तीप्रमुख इवाबुची जिन्पेई. कुणीतरी राहून कारभार बघायला हवा, म्हणून तो दर वर्षी त्याग करून राही. कारभार म्हणजे एक खांब, एक वही आणि एक शिक्का. शिक्का गळ्यातल्या कातडी पिशवीत असे. आंघोळीच्या वेळी तो पिशवी टबाच्या काठावर ठेवी आणि तिच्याकडे तोंड करून बसे, असं त्याची बायकोच सांगायची.

खांब होता बर्फ मोजायचा. एका रात्रीत वीतभर बर्फ पडला, की सकाळी ज्याच्या दाराला पाळीची पाटी टांगलेली असेल त्या घरानं वस्तीपासून पुलापर्यंतची वाट तुडवून द्यायची, तीही साडेसहाच्या आत. अडीच कोस नव्हे, अडीच किलोमीटर; पण छातीएवढ्या बर्फात दोन्ही सारखंच. वीतभर पडला नाही तर तुडवायचं नाही, आणि पाटी पुढच्या घरी. नियम सोपा होता. मोजायचं काम प्रमुखाकडं होतं. खांब त्याच्या अंगणात एका जुन्या देवदाराच्या खाली उभा होता, आणि देवदाराखाली बर्फ कमी पडतो हे कोल्ह्यांनाही माहीत असतं. दुसऱ्यांच्या पाळीला प्रमुख “वाऱ्यानं उडालेला” म्हणून चार बोटं जास्त धरी. स्वतःच्या पाळीला मात्र वारा कधी सुटत नसे. एकोणीस वर्षांत त्याच्या पाळीला एकदाही वीत भरली नव्हती.

पुलापलीकडं मोतोमाची गाव, आणि गावात कुरोसेचा हातमोज्यांचा कारखाना. वस्तीतल्या आठ बायका तिथं शिवणयंत्रावर होत्या. जगभरातल्या श्रीमंत बायकांच्या बोटांना थंडी वाजू नये म्हणून त्या शिवत, आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या बोटांच्या भेगांत घोड्याची चरबी भरत. मासुनोकडं अंगठे होते. अकरा वर्षं ती फक्त अंगठे शिवत होती. अंगठा सगळ्यात अवघड, तो चुकला तर हात मोज्यात शिरत नाही. चौथ्या खिडकीशी तिचं यंत्र. त्या यंत्राचा पायटा तिच्याशिवाय कुणाच्या पायाला नीट लागत नसे, असं तिला वाटे.

कुरोसेचा नियम होता, एका हिवाळ्यात तीन उशीर झाले की यंत्र दुसरीला. मासुनोचे दोन झाले होते. पहिला उशीर झाला तेव्हा पाळी आठ जणींतल्याच तामायोच्या सासूची होती, आणि ती अर्धी वाट तुडवून न्याहारीला घरी परत गेली होती. दुसऱ्या वेळी पुलावरच गावाचा बुलडोझर आडवा उभा होता. चालक नगरसेवकाच्या घरी चहा घेत होता. खालच्या आळीतली एक पोरगी रोज दुपारी कारखान्याच्या दारात येऊन चौथ्या खिडकीकडं बघून जायची.

आणि मग जानेवारीच्या अखेरीस तीन दिवस, तीन रात्री बर्फ पडला.

चौथ्या दिवशी पाच वाजता मासुनोनं दार लोटलं. दार हललं नाही. तिनं खांदा लावला. दारानं थोडं कण्हून घेतलं, इतकंच.

“माडीवरून जा,” चुलीपाशी बसलेली तोमे म्हणाली. “दार आता मार्चात उघडेल.”

मासुनोनं भाताचे दोन गोळे आणि मुरवलेल्या सलगमाचा तुकडा फडक्यात बांधला, पेंढ्याचे बूट चढवले आणि माडीच्या खिडकीतून बाहेर पाऊल टाकलं. पाऊल सरळ बर्फावर पडलं. शेजारच्या शिगेच्या घराचं फक्त धुराडं दिसत होतं, आणि त्या धुराड्यापाशी शिगे स्वतः उभी होती. अंगानं चांगली भरलेली बाई, त्यात तीन जाकिटं.

“वाट तुडवलीय का गं?” शिगेनं हाक दिली.

“आज पाळी कुणाची?”

“कुणाची असणार! प्रमुखाची.”

मग शिगे हसायला लागली. “आज कसं करतो बघू. आज देवदारच बुडालाय.”

सहाला आठही बायका प्रमुखाच्या अंगणात जमल्या. अंगण म्हणजे प्रमुखाच्या माडीच्या खिडकीखालचा उंचवटा. खिडकी उघडली, आतून कोळशाची ऊब आणि भाजलेल्या माशाचा वास आला, आणि मागोमाग प्रमुख. अंगात अग्निशामक पथकाचा ओव्हरकोट, पाच पितळी बटणं, पाचही लावलेली. हातात वही.

“शुभ सकाळ,” तो म्हणाला. “मी पाहणी केली आहे.”

“मग तुडवताय ना, प्रमुख?” शिगेनं विचारलं. “साडेसहाला निघायला हवं आम्हाला.”

“अडचण आहे,” प्रमुख म्हणाला. “खांब दिसत नाही.”

“बर्फाखाली गेला असेल.”

“तसा अंदाज आहे. पण अंदाजावर वही चालत नाही. खांब दिसत नाही म्हणजे आकडा नाही. आकडा नाही म्हणजे वीत भरली असं मला म्हणता येत नाही.” त्यानं वही पुढं केली. तारखेपुढं सुबक अक्षरात ‘नोंद : नाही’ असं लिहिलं होतं. “वीत भरली नाही तर तुडवायचं नाही. नियम मी केलेला नाही.”

“नियम तुमच्या वडिलांनी केलाय,” तामायो म्हणाली.

“तेच म्हणतो, मी नाही.”

मासुनो पुढं झाली. कंबरेएवढ्या बर्फात पुढं होणं म्हणजे पोहणंच. “प्रमुख, मी उभी आहे ती तुमच्या माडीच्या खिडकीपाशी. माझं तोंड तुमच्या तोंडासमोर आहे. एरवी मी तुमच्या जोत्याखाली उभी असते. मधला हा बर्फ कुठून आला?”

प्रमुखानं तिच्याकडं समजूतदारपणे बघितलं. समजूतदारपणा त्याला फार चांगला जमे. “मासुनो-सान, डोळ्यांना दिसतं ते सगळं सरकारी नसतं. मी आजच नगरकचेरीत जाऊन लांब खांबाची मागणी करतो. अर्ज तयार आहे. पाटी नियमाप्रमाणं पुढच्या घरी पाठवलीय.”

पुढचं घर मासुनोचं होतं.

“म्हणजे मी तुडवायचं?”

“छे, छे! तुमची पाळी उद्या. आज कुणीच तुडवायचं नाही. आज बर्फ नाही.” एवढं बोलून त्यानं खिडकी लावली. ऊब बाहेर जात होती.

आठ बायका बर्फात उभ्या. कुणी तरी म्हणालं, आज जाऊच नये. कुणी म्हणालं, सगळ्याच नाही गेलो तर कुरोसे काय करणार? कुरोसे काय करणार ते सगळ्यांना माहीत होतं. बाकी सात जणींचा या हिवाळ्यात एकही उशीर नव्हता, म्हणजे त्यांना विचार करायला सवड होती. मासुनोला नव्हती. ती घरी परतली, पाय रुतू नयेत म्हणून वेलीच्या गोल कड्या पेंढ्याच्या बुटांखाली बांधल्या, लाकडी फावडं घेतलं.

“त्याच्या पाळीचं तू तुडवतेस?” तोमे म्हणाली.

“यंत्र जाईल, आई.”

“जा मग. पण त्याचं म्हणून तुडवू नकोस. स्वतःचं म्हणून तुडव. कंबर कमी दुखते.”

वाट तुडवायची रीत अशी, की पुढचीनं गुडघा छातीपर्यंत उचलायचा, कडी सपाट टाकायची, अंगाचा सगळा भार द्यायचा, परत त्याच जागी दुसरा पाय. दोन पावलांत एक पाऊल. शंभर पावलं झाली की पुढचीनं बाजूला व्हायचं आणि मागचीनं पुढं यायचं. ही रीत सगळ्यांना तोंडपाठ होती. शंभर झाल्यावर मासुनो बाजूला झाली.

“माझ्या छातीत घरघर आहे गं काल रात्रीपासून,” शिगे म्हणाली.

“माझ्या कड्या नवऱ्यानं नेल्या टोकियोला,” तामायो म्हणाली. टोकियोच्या डांबरी रस्त्यावर कड्यांचं काय करतो, हे तिला कुणी विचारलं नाही. बाकीच्याही कड्या आणायला विसरल्या होत्या. तुडवणारी एक निघाली म्हटल्यावर कोण आठवण ठेवतो?

मासुनो पुन्हा पुढं गेली. दोनशेला तिच्या मांड्या थरथरायला लागल्या. चारशेला घाम पाठीवरून उतरून कंबरपट्ट्यात गोठला. बांबूच्या बनापाशी वाकलेले बांबू वाटेवर आडवे गोठून पडले होते. ते फावड्यानं मोडत, खालून रांगत ती गेली. मागं सात जणी एका ओळीत, तिच्या पावलात पाऊल टाकून, गप्पा मारत येत होत्या. भाव काय, कुणाच्या नवऱ्याचं पत्र, कुणाच्या सुनेला उलट्या. मधेच कुणीतरी मनापासून म्हणे, “मासुनो-सान, फार कष्ट पडले हं तुम्हाला.” असं म्हणायचीही एक पाळी त्यांनी आपसांत लावून घेतली होती.

पुलावर पोचल्या तेव्हा कारखाना भरायच्या वेळेचे गावाच्या घड्याळाचे ठोके अजून पडायचे होते. पुलापासून रस्ता साफ होता. सपाट, झाडलेला, नगरसेवकाच्या घरापर्यंत तर वाळूसुद्धा टाकलेली. मासुनो कड्या सोडायला वाकली. दोऱ्या गोठून लोखंड झाल्या होत्या. तिनं बोटं तोंडात घालून ऊब दिली, पुन्हा गाठ धरली. बोटं दिसत होती, पण तिची नव्हती.

सात जणींना सोडायला काहीच नव्हतं. आधी एक-दोघी थबकल्या. मग घड्याळाचा पहिला ठोका पडला आणि सगळ्या धावत सुटल्या. घरघर असलेली शिगे सगळ्यांच्या पुढं होती.

शेवटी मासुनोनं दातांनी दोरी तोडली.

कुरोसे दारात खिशातलं घड्याळ हातात घेऊन उभा होता. बुटका, नीटनेटका माणूस. दोन्ही हातांत स्वतःच्या कारखान्याचे मोजे, निर्यातीच्या मालातले.

“तीन मिनिटं,” तो म्हणाला.

“साहेब, वाट मी तुडवली. या सगळ्या माझ्याच वाटेनं आल्या.”

“आल्या ना? वेळेवर आल्या. म्हणजे वाट होती.” त्यानं हे काही दुष्टपणे म्हटलं नाही, त्याला खरोखर तसं दिसत होतं. “तुमच्यानंतर निघालेल्या तुमच्याआधी आल्या, मासुनो-सान. मी काय समजायचं?”

आत सात जणी माना खाली घालून यंत्रांना तेल घालत होत्या. यंत्रांना इतकं तेल त्या वर्षात कुणी घातलं नव्हतं. चौथ्या खिडकीशी खालच्या आळीतली पोरगी आधीच उभी होती, पायट्यावर पाय ठेवून बघत.

“सातवा नियम वाचा,” कुरोसेनं भिंतीकडं बोट केलं. “नैसर्गिक अडथळा असेल तर त्याच दिवशी बाराच्या आत वस्तीप्रमुखाचा शिक्क्याचा दाखला. मी माणूस कठोर नाही. दाखला आणा, उशीर धरत नाही. नाही आणला, तर ही मुलगी बसेल.” त्यानं टेबलावरून एक कोरा कागद दिला. कागद कारखान्याचा. बाकीचं निसर्गानं आणि प्रमुखानं बघायचं.

मासुनो परत फिरली. पूल ओलांडला, दातांनी तोडलेली दोरी कशीबशी गाठून कड्या बांधल्या आणि आपणच तुडवलेल्या वाटेनं चढ चढू लागली. उतरताना लागला होता त्याहून चढ मोठा झाला होता. बांबूच्या बनाच्या खाली, जिथं वाट डोंगराच्या कुशीला चिकटून जाते आणि एकाच माणसाच्या रुंदीची होते, तिथं समोरून प्रमुख आला.

छान चालत होता तो. पायांत कातडी बूट, डोक्यावर फेल्टची टोपी, काखेत अर्जाची गुंडाळी. वाट पायाखाली घट्ट लागत होती, त्यामुळे शीळ घालत होता. मासुनोला बघून त्यानं शीळ थांबवली आणि तोही थांबला. मग त्यानं घसा खाकरला.

तिथली चाल अशी, की बर्फातल्या वाटेवर प्रमुख समोरून आला तर बाईनं बाजूला उतरायचं, कंबरेपर्यंत रुतायचं, मान लववायची आणि तो गेल्यावर वर यायचं. प्रमुखानं दुसऱ्यांदा खाकरलं.

“प्रमुख, दाखला हवाय,” मासुनो म्हणाली. “बर्फामुळं वाट बंद होती असा. बाराच्या आत.”

“तो कसा देणार? वहीत बर्फाची नोंद नाही. एका हातानं नाही लिहायचं आणि दुसऱ्यानं आहे म्हणून शिक्का मारायचा? एकोणीस वर्षांत माझ्या हातून खोटा शिक्का पडलेला नाही.”

“माझं यंत्र जातंय.”

“वाईट वाटतं. लांब खांब आला की पुढच्या वर्षी असे प्रसंग येणार नाहीत. व्हा बाजूला, कचेरी बाराला बंद होते.”

मासुनो हलली नाही. तिनं फावडं वाटेत टेकवलं आणि त्याच्यावर दोन्ही हात ठेवले. राग आला होता असंही नाही. मांड्यांत बाजूला व्हायचं बळच उरलेलं नव्हतं, आणि ते नसल्याचं तिला बरं वाटत होतं.

“व्हा म्हटलं ना बाजूला!”

“कशाला मी? तुम्हीच व्हा की. बर्फ नाहीच आज. सपाट जमिनीवर एक पाऊल बाजूला टाकायचं, त्यात काय? मी नाही म्हणत, तुमची वही म्हणते.”

प्रमुखाच्या मिशा हलल्या. एका अंगठे शिवणाऱ्या बाईनं वहीचं नाव काढलं, हे त्याला लागलं. आणि ज्यानं एकोणीस वर्षं बर्फ मोजला पण तुडवला कधीच नाही, त्याला बर्फ खिडकीतून दिसतो तेवढाच ठाऊक असतो. पांढरा, स्वच्छ, अंथरुणासारखा. त्यानं कोट झटकला, टोपी नीट केली आणि पूर्ण इभ्रतीनिशी एक पाऊल बाजूला टाकलं.

फस्स असा आवाज झाला.

मासुनोनं खाली बघितलं. टोपी होती, मिशा होत्या, वरची दोन बटणं होती. तिसरं बटण बर्फाच्या बरोबर पातळीला, अर्धं आत, अर्धं बाहेर. अर्जाची गुंडाळी डोक्यावर धरलेल्या हातात होती.

“ओढ मला,” प्रमुख म्हणाला.

“ओढते. आधी दाखला.”

“ही जबरदस्ती आहे!”

“जबरदस्ती कुठली? मी कागद धरते, तुम्ही लिहा. तुम्हाला दिसतंय तेवढंच लिहा, खोटं नको.” तिनं फावडं आडवं करून त्याच्या तोंडापुढं धरलं, वर कागद अंथरला. फावड्याचं छान मेज झालं.

प्रमुख जरा वेळ हात-पाय हलवून बघत राहिला. दर हालचालीला आणखी बोटभर आत जायचा, म्हणून त्यानं ते थांबवलं. बूट भरले होते. थंडी जिथं कधीच पोचली नव्हती अशा जागी पोचत होती. त्यानं खिशातून पेन काढलं.

“उंची लिहावी लागते,” तो गुरगुरला. “आकड्याशिवाय दाखला होत नाही. आणि खांब…”

“तुम्ही आहात की उभे. तिसऱ्या बटणापर्यंत, लिहा.”

“बटण हे माप नाही!”

“अग्निशामक पथकाचं आहे. सरकारी आहे.”

त्यानं लिहिलं. थरथरत्या, तरीही सुबक अक्षरात : आज सकाळी कामिनोसावा ते पूल या वाटेवर बर्फ वस्तीप्रमुखाच्या कोटाच्या तिसऱ्या बटणापर्यंत आढळला, वस्तीप्रमुखाने तो स्वतः तपासला. मग दातांनी पिशवी सोडून शिक्का काढला, त्याच्यावर गरम श्वास सोडला आणि उमटवला.

मासुनोनं कागद छातीशी खोचला आणि त्याला हात दिला. जोर लावला. तो वीतभर वर आला आणि दोन वीत खाली गेला. तिच्या बाहूंत काही उरलंच नव्हतं. सकाळची अडीच किलोमीटर वाट तिथं संपली होती.

“तुम्ही खणा,” तिनं फावडं त्याच्या हातात दिलं. “आधी छातीपुढचं काढा, मग गुडघ्यापुढचं. वाट हाताच्या अंतरावर आहे. तासभर लागेल, सवय नसली तर दोन.”

“आणि तू?”

“मला बारा वाजायच्या आत जायचंय.” ती पाच पावलं गेली आणि वळली. “घाम आला की थांबू नका हं, प्रमुख. थांबलं की गोठतो.”

बाराला दहा कमी असताना तिनं कागद कुरोसेच्या टेबलावर ठेवला. कुरोसेनं तो वाचला नाही. त्यानं तो खिडकीशी उजेडात धरला, शिक्का बघितला, तिरका करून बघितला, शिक्क्याच्या वहीतल्या नमुन्याशी ताडून बघितला.

“जरासा वाकडा आहे,” तो म्हणाला. “पण त्यांचाच आहे. बसा.” कागद त्यानं खिळ्याला लावला, आधीच्या कागदांवर. खालच्या आळीतली पोरगी पायट्यावरून पाय काढून बाजूला झाली. मासुनो बसली. बोटांत जीव यायला एक अंगठा फुकट गेला, दुसरा बरा झाला. शिगेनं तिच्या टेबलावर आपला अर्धा भाताचा गोळा आणून ठेवला आणि कुणीही विचारलं नसताना सांगितलं की घरघर आता बरी आहे.

मासुनोनं गोळा खाल्ला. सलगम लावून.

दीडच्या सुमाराला कारखान्याचं पुढचं दार उघडलं. दारात एक माणूस. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, टोपी नाही, मिशांना बर्फाच्या काड्या, एका खांद्यावर फावडं, कोटाला तीनच बटणं. तोंड उघडून काही बोलू पाहत होता, पण जबडा धरला होता.

कुरोसे वस्तीवर कधी गेला नव्हता. प्रमुखाचा शिक्का तो अंधारात ओळखी, पण तोंड त्यानं पाहिलेलं नव्हतं. आणि छपरावरचा बर्फ काढायला सांगितलेला मजूर सकाळपासून आला नव्हता, वासे करकरत होते.

“ही वेळ झाली का यायची?” कुरोसे ओरडला. “आठला बोलावलं होतं! आणि पुढच्या दारानं कुठं घुसता? मजुरांचं दार मागं आहे. शिडी तिथंच लावलीय.”

माणसाच्या तोंडून “मी… मी…” एवढंच आलं. मग त्यानं गोठलेल्या बोटांनी गळ्यातली पिशवी चाचपली, तिच्यातून शिक्का काढला आणि कुरोसेच्या नाकासमोर धरला.

“शिक्का काय दाखवता मला?” कुरोसे म्हणाला. “तो संध्याकाळी, मजुरी घेताना सहीच्या जागी मारायचा. आधी छप्पर.”

वीसच्या वीस यंत्रं थांबली. पुन्हा सगळ्यांत आधी सुरू झालं ते चौथ्या खिडकीशी असलेलं.